कॉफीविना कॉफी: कॅफीनमुक्त पेयांची अडीचशे वर्षे

चहा किंवा कॉफी काही काळ बंद ठेवायची आणि तिच्या जागी दुसरे काही गरम पेय घ्यायचे, ही कल्पना आज आरोग्याच्या सल्ल्यात मोडते. तिची सुरुवात मात्र वैद्यांकडून झाली नाही, राजाच्या तिजोरीतून झाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन प्रदेशांत कॉफीला पर्याय शोधला गेला तो परदेशी जाणारा पैसा वाचवण्यासाठी. पुढे युद्धातील नाकेबंदी, धर्मपंथांचे निर्बंध, निसर्गोपचाराची चळवळ आणि शेवटी रसायनशास्त्र यांनी आपापल्या परीने त्यात भर घातली. या पेयांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात: भाजलेल्या मुळ्या व धान्ये यांची पेये, मुळातच कॅफीन नसलेल्या पानांचे काढे आणि कॅफीन काढून टाकलेली कॉफी. तिन्हींचा जन्म वेगवेगळ्या कारणांनी झाला, आणि त्यांचे पुढे काय झाले हेही त्या कारणांवरच ठरले.

प्रशियाची तिजोरी

सतराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन बंदरांमध्ये कॉफीगृहे सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत कॉफी सामान्य घरांतही पोहोचली. प्रशिया या जर्मन राज्याची अडचण अशी, की त्याच्याकडे कॉफी पिकेल अशा वसाहती नव्हत्या. डच आणि फ्रेंच व्यापारी आणतील तो माल रोख पैसे मोजून घ्यावा लागे. तिथला राजा दुसरा फ्रेडरिक (कारकीर्द 1740 ते 1786) याला हे खुपत होते. 1777 साली त्याने प्रजेने कॉफी सोडून बिअरकडे परतावे असा आग्रह धरला. त्याचा उपयोग होईना, तेव्हा 1781 मध्ये कॉफी भाजण्याचा हक्कच त्याने सरकारी मक्तेदारीत घेतला. घरी कॉफी भाजण्याचे परवाने सरदार, अधिकारी, धर्मोपदेशक अशा मोजक्या लोकांना मिळाले. बाकीच्यांनी सरकारने भाजलेली महाग कॉफी विकत घ्यायची.

कायदा केला तरी तो पाळला जातो की नाही हे कसे पाहायचे? कॉफी भाजताना सुटणारा वास लपवता येत नाही. तेव्हा युद्धात जायबंदी झालेले सुमारे 400 सैनिक या कामावर नेमले गेले. ते गल्लोगल्ली हिंडत, वास घेत, आणि विनापरवाना कॉफी भाजणाऱ्याच्या घरात शिरत. लोकांना त्यांचा मनस्वी तिटकारा होता. फ्रेडरिकच्या मृत्यूनंतर, 1787 मध्ये, ही मक्तेदारी मागे घेण्यात आली.

याच काळात चिकोरीची कॉफी बाजारात आली. चिकोरी म्हणजे युनानी वैद्यकात कासनी म्हणून ओळखली जाणारी निळ्या फुलांची वनस्पती. 1770 च्या सुमारास ब्राउनश्वाइग भागातील क्रिस्टियान गोटलिप फ्योर्स्टर आणि मेजर फॉन हाइने यांना ब्राउनश्वाइग व बर्लिन येथे चिकोरीचे कारखाने काढण्याची परवानगी मिळाली. चिकोरीच्या त्या काळच्या पुडक्यावरील चित्र बोलके आहे. एक जर्मन शेतकरी शेतात चिकोरी पेरतो आहे आणि हात उंचावून कॉफीच्या पोत्यांनी भरलेल्या जहाजाला परत जायला सांगतो आहे. खाली मजकूर असा, की तुमच्यावाचून आम्ही निरोगीही राहू आणि श्रीमंतही. स्वदेशी मालाची जाहिरात म्हणून हे चित्र आजही शोभावे.

चिकोरीचे मूळ या कामाला का चालले, याला शास्त्रीय कारण आहे. या मुळात इन्युलिन नावाचे पिष्टासारखे कर्बोदक भरपूर असते. मुळे खणून धुतात, तुकडे करून भट्टीत वाळवतात आणि मग भाजतात. भाजताना इन्युलिनचे काही प्रमाणात साखरेत रूपांतर होते आणि ती साखर करपून तांबूस-काळी होते. त्यामुळे पेयाला गडद रंग, किंचित गोडी आणि कडवटपणा येतो. कॉफीच्या दिसण्याशी आणि चवीशी त्याचा मेळ बसतो. कॅफीन मात्र त्यात अजिबात नसते.

नाकेबंदीचा हात

चिकोरीला युरोपभर नेले ते नेपोलियनने. 21 नोव्हेंबर 1806 रोजी बर्लिनहून काढलेल्या फर्मानाने त्याने ब्रिटनशी होणारा सारा व्यापार बंद केला. समुद्रावर हुकमत ब्रिटिशांची होती, त्यामुळे वसाहतींतून येणारी साखर आणि कॉफी यांचा युरोपात दुष्काळ पडला. साखरेच्या जागी बीट आले, कॉफीच्या जागी चिकोरी. नेपोलियनच्या पाडावानंतर बंदरे उघडली, कॉफी परत आली, पण उत्तर फ्रान्स आणि बेल्जियममध्ये चिकोरीचे पीक टिकले. लोकांना तिची चव लागली होती, आणि आता ती कॉफीऐवजी नव्हे तर कॉफीबरोबर घेतली जाऊ लागली. फ्रान्सच्या उत्तर टोकावरील ऑर्शी या गावी 1858 मध्ये सुरू झालेला लरू हा चिकोरीचा उद्योग आजही चालू आहे.

चिकोरी स्वस्त होती, म्हणून ती लवकरच भेसळीचे साधन बनली. इंग्लंडमध्ये 1850 च्या दशकाच्या सुरुवातीस आर्थर हिल हॅसल या वैद्याने दुकानांतील कॉफीची पूड सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. कॉफी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पुडीत चिकोरी निघाली. वनस्पतीच्या पेशींची ठेवण पाहून कॉफी कोणती आणि चिकोरी कोणती हे ओळखता येत असल्याने दुकानदाराला नाकबूल करायला जागा उरली नाही. मिश्रणात काय आहे हे पुडक्यावर लिहिले पाहिजे, या मागणीला या तपासणीने जोर आला.

अमेरिकेत हीच गोष्ट यादवी युद्धात घडली. 1861 पासून उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि दक्षिणेत कॉफी मिळेनाशी झाली. तिथल्या घरांत भाजलेली भेंडीची बी, ओकची फळे, रताळी, राय नावाचे धान्य आणि मका यांच्या पुडी उकळून पाहिल्या गेल्या. युद्ध संपताच त्यांतील बहुतेक प्रकार विस्मरणात गेले. न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र चिकोरी राहिली, कारण त्या फ्रेंच वळणाच्या शहराला ती आधीपासून माहीत होती. तेथील चिकोरी घातलेली दुधाळ कॉफी आज शहराची ओळख समजली जाते.

दोन्ही महायुद्धांत जर्मनीची कोंडी झाली तेव्हा ओकची फळे, बीट, जव आणि राय पुन्हा भांड्यात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत खरी कॉफी सहज मिळू लागताच ती पेये लोकांनी आनंदाने टाकून दिली.

औषधी घोट

कॉफीतील उत्तेजक द्रव्य कोणते, हे 1819 पर्यंत कोणालाच माहीत नव्हते. त्या वर्षी येना येथे फ्रीडलीप फेर्डिनांड रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाने बेलाडोना या वनस्पतीच्या अर्काने मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी विस्फारते हे कवी ग्योटे यांना दाखवले. खूश होऊन ग्योटे यांनी त्याला कॉफीचे दाणे दिले आणि त्यांचे पृथक्करण करण्यास सुचवले. रुंगेने त्यातून कॅफीन वेगळे काढले. 1827 मध्ये चहातून निघालेले द्रव्य वेगळे समजून त्याला ‘थीन’ म्हटले गेले. 1838 मध्ये ते कॅफीनच असल्याचे सिद्ध झाले. चहा सोडून कॉफी धरणाऱ्याला किंवा कॉफी सोडून चहा धरणाऱ्याला त्या द्रव्यापासून सुटका नाही, हे तेव्हापासून स्पष्ट झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निसर्गोपचाराची लाट आली आणि कॉफी सोडण्यामागील कारण बदलले. आता पैसा नव्हे, प्रकृती महत्त्वाची ठरली. बव्हेरियातील सेबास्टियन क्नाइप (1821 ते 1897) हे धर्मोपदेशक जलोपचारासाठी प्रसिद्ध होते. ते मोड आलेले जव वाळवून, भाजून केलेल्या माल्ट कॉफीचा पुरस्कार करत. 1890 च्या दशकात म्युनिकच्या काटराइनर कंपनीने त्यांचे नाव व चित्र छापलेली माल्ट कॉफी विकायला काढली आणि ती घराघरांत पोहोचली.

अमेरिकेत या विचाराला धर्माची जोड मिळाली. मॉर्मन पंथाने 1833 पासून ‘उष्ण पेये’ वर्ज्य मानली, आणि त्यांचा अर्थ चहा-कॉफी असा रूढ झाला. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथानेही उत्तेजक पेये नाकारली. पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था याच पंथाची. मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे या पंथाचे आरोग्यधाम होते आणि डॉ. जॉन हार्वे केलॉग ते चालवत. तेथे रुग्णांना कॉफीऐवजी भाजलेल्या धान्याचे पेय दिले जाई. 1891 मध्ये सी. डब्ल्यू. पोस्ट नावाचा गृहस्थ तेथे उपचारासाठी राहिला. 1895 मध्ये त्याने त्याच गावी गहू, कोंडा आणि काकवी भाजून केलेले ‘पोस्टम’ बाजारात आणले.

पोस्टची खरी हुशारी जाहिरातीत होती. डोकेदुखी, निद्रानाश, चिडचिड, घरातील भांडणे, सगळ्याचा दोष कॉफीवर टाकणारा मजकूर त्याने वर्तमानपत्रांत पानेच्या पाने छापला. त्याच्या मृत्यूनंतरही, 1930 च्या दशकात, कॉफी पिणाऱ्यांच्या कानाशी लागून त्यांचे डोके फिरवणारा एक खलनायक व्यंगचित्रांच्या जाहिरातींत दिसत असे. गंमत अशी, की कॉफीला विष ठरवून मोठी झालेली ही पोस्टम कंपनी 1928 मध्ये ‘मॅक्सवेल हाउस’ या विख्यात कॉफीची मालक झाली आणि 1929 मध्ये ‘जनरल फूड्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. कॉफी पिणारा आणि कॉफी सोडणारा अशी दोन्ही गिऱ्हाइके एकाच दुकानात आली. पोस्टमचे उत्पादन 2007 मध्ये त्या वेळच्या मालक कंपनीने थांबवले.

कॉफीतून कॅफीन वजा

चव कॉफीचीच हवी आणि कॅफीन नको, हा हट्ट पुरवला तो ब्रेमेनचा कॉफी व्यापारी लुडविग रोझेलियस याने. 1902 मध्ये त्याचे वडील वारले, आणि त्यांचा मृत्यू अतिरिक्त कॉफीने ओढवला असे तो मानत असे. समुद्राच्या पाण्यात भिजलेल्या कॉफीतून कॅफीन निघून गेले पण चव फारशी बिघडली नाही, हे पाहून त्याला युक्ती सुचली, अशी कथा सांगितली जाते. त्याची पद्धत अशी होती: कच्चे दाणे वाफेने फुगवायचे आणि बेंझिनने धुऊन त्यातील कॅफीन काढायचे. 1906 मध्ये त्याने ‘कॉफी हाग’ ही कंपनी स्थापन केली. फ्रान्स आणि अमेरिकेत हीच कॉफी ‘सान्का’ नावाने गेली.

बेंझिन स्वतःच घातक असल्याचे कळल्यावर ती पद्धत मागे पडली आणि दुसरे द्रावक वापरात आले. 1960 च्या दशकात म्युल्हाइम येथील माक्स प्लांक संस्थेत कुर्ट त्सोसेल यांना असे आढळले, की मोठ्या दाबाखालील कार्बन डायऑक्साइड दाण्यातील कॅफीन ओढून घेतो आणि स्वादाची द्रव्ये बरीचशी मागे ठेवतो. स्वित्झर्लंडमध्ये केवळ पाणी आणि कोळशाची गाळणी वापरणारी पद्धत तयार झाली. या सगळ्या पद्धती भाजण्याआधीच्या हिरव्या दाण्यावरच चालतात. अमेरिकेतील प्रचलित निकषानुसार अशा कॉफीतून किमान 97 टक्के कॅफीन निघालेले असते. उरलेले थोडे कपात येतेच.

लादलेला पर्याय, निवडलेला पर्याय

जुलै 1975 मध्ये ब्राझीलमध्ये कडाक्याच्या थंडीत दव गोठून कॉफीचे मळे जळाले आणि जगभर किमती भडकल्या. परकीय चलनाची टंचाई असलेल्या पूर्व जर्मनीने 1977 मध्ये स्वस्त कॉफी बंद करून ‘कॉफी-मिक्स’ आणली. तिच्यात 51 टक्के कॉफी होती आणि बाकी चिकोरी, राय व बीट असा माल. लोक संतापले. यंत्रे तुंबतात, चव घाणेरडी आहे, अशा तक्रारींचा पाऊस पडला. राष्ट्रप्रमुख एरिक होनेकर यांच्या नावाने तिची कुचेष्टा झाली. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली, आणि पुढे व्हिएतनाममध्ये कॉफीचे मळे वाढवण्यासाठी पूर्व जर्मनीने पैसा ओतला.

शेजारच्या पोलंडमध्ये नेमके उलट घडले. तेथे 1971 मध्ये राय, जव, चिकोरी आणि बीट यांची ‘इन्का’ ही झटपट विरघळणारी पूड आली. ती कॉफी असल्याचा आव न आणता आली, लहान मुलांनाही दुधात घालून देता येई. कम्युनिस्ट राजवट गेली, खरी कॉफी दुकानात आली, तरी इन्का आजही पोलिश स्वयंपाकघरांत आहे.

दक्षिण भारतात कॉफी-चिकोरीची हीच सरमिसळ कोणाच्याही मनाविरुद्ध नाही. तेथील फिल्टर कॉफीत चिकोरी हवीच असे मानणारे अनेक जण आहेत, कारण तिने रंग गडद होतो आणि काढा दाट उतरतो. चिकोरीचे पीक गुजरातेत जामनगर भागात आणि उत्तर प्रदेशात एटा भागात घेतले जाते. भारतीय नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी 51 टक्क्यांहून कमी असता कामा नये आणि प्रमाण पुडक्यावर छापावे लागते. ज्या प्रमाणाने पूर्व जर्मनीत जनता खवळली, ते भारतात कायद्याला मान्य आहे.

रॉइबॉस या दक्षिण आफ्रिकेतील पेयाचा प्रवासही असाच. सेडरबर्ग डोंगरांतील या झुडपाची पाने स्थानिक लोक पूर्वीपासून वापरत. 1904 पासून बेंजामिन गिन्सबर्ग या व्यापाऱ्याने ती बाजारात आणली. 1930 च्या दशकात डॉ. नॉर्टिए यांनी बी रुजवून या झुडपाची लागवड शक्य केली. दुसऱ्या महायुद्धात आशियातील चहा मिळणे अवघड झाले तेव्हा रॉइबॉसची मागणी वाढली. तांबडा रंग, दूध सोसण्याची क्षमता आणि कॅफीनचा पूर्ण अभाव यांमुळे ते युद्धानंतरही टिकले.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात कॅफीनविरोधी विचार ठळकपणे मांडला तो गांधीजींनी, आणि त्यामागे जर्मन निसर्गोपचाराचा धागा होता. आडोल्फ युस्ट आणि लाइपझिगचे लुई कुन्हे यांची पुस्तके त्यांनी वाचली होती. लंडनमध्ये विद्यार्थी असतानाच त्यांनी चहा-कॉफी सोडून कोको धरला होता. 1910 मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म ही वसाहत वसवल्यावर तेथे गव्हाची कॉफी होऊ लागली: गहू तांबूस होईपर्यंत भाजायचे, दळायचे आणि ती पूड उकळायची. बॅटल क्रीकच्या पेयाशी तिचे नाते उघड आहे. 1942 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात चहा, कॉफी आणि कोको या तिन्हींशिवाय चालते असे सांगून गरम पाणी, मध आणि लिंबू हा पर्याय सुचवला. 1946 मध्ये पुण्याजवळील उरुळी कांचन येथे त्यांच्या पुढाकाराने निसर्गोपचार आश्रम सुरू झाला.

नेमके त्याच काळात चहाचा प्रसार जोरात होता. 1903 च्या कायद्याने चहाच्या निर्यातीवर उपकर बसवून प्रचारासाठी निधी उभारण्यात आला. 1930 च्या दशकात रेल्वे स्थानकांवर चहा कसा करावा हे दाखवणारे फलक लागले. आल्यागेल्याला गूळ-पाणी देण्याची महाराष्ट्रातील रीत या रेट्यापुढे मागे पडली आणि ‘चहा घेणार ना?’ हा प्रश्न आतिथ्याचा पहिला शब्द झाला.

तरी जुनी पेये घरातून गेली नाहीत, ती दुखण्याच्या कप्प्यात सरकली. पडशाला आले, तुळस, सुंठ आणि गवती चहा यांचा काढा, पोटाला धने-जिऱ्याचे पाणी, उन्हाळ्यात पन्हे, कोकम सरबत आणि ताक. गोव्यात आणि कोकणात सारस्वत घरांतून धने, जिरे, मिरी भाजून त्यांच्या पुडीत गूळ व दूध घालून केलेला कषाय कॉफीच्या पेल्यातूनच घेतला जातो. चव आणि प्रसंग दोन्ही दृष्टींनी चहा-कॉफीची जागा भरून काढणारे देशी पेय म्हणून त्याचे नाव आधी घ्यावे लागेल. चहा काही काळ सोडण्याचा नेमही महाराष्ट्राला परका नाही. चातुर्मासात एखादा आवडीचा पदार्थ वर्ज्य करताना अनेक जण चहाच निवडत आले आहेत. उपवासाला चहा चालतो, पण नेमाला तो सोडावा लागतो, म्हणून हा नेम अवघड समजतात.

थांबल्यावर काय होते

या नेमातील अवघडपणाला शारीरिक कारण आहे. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य थकवा आणि झोप आणते. ते जेथे चिकटते त्या जागा कॅफीन अडवून धरते. रोजच्या सवयीने मेंदू अशा जागा वाढवतो. कॅफीन अचानक बंद झाले की अ‍ॅडेनोसिनला मोकळे रान मिळते: 12 ते 24 तासांत डोके दुखू लागते, पेंग येते, मन लागत नाही. दुसऱ्या दिवसाच्या आसपास त्रास सर्वाधिक असतो आणि साधारण दोन ते नऊ दिवसांत तो ओसरतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या निदानसूचीत या अवस्थेला स्वतंत्र स्थान मिळाले. कप एकदम न तोडता हळूहळू कमी केल्यास हा त्रास पुष्कळ टळतो.

अडीचशे वर्षांच्या या अनुभवात एक गोष्ट सातत्याने दिसते. लोकांनी दाणा सोडला, पेला सोडला नाही. कोंडीत सापडून किंवा सरकारच्या हुकमाने घ्यावी लागलेली पेये अडचण संपताच टाकली गेली. चिकोरी, इन्का, रॉइबॉस, कषाय टिकले, कारण त्यांना स्वतःची चव आणि स्वतःची वेळ मिळाली. कॅफीनमधून सुटी घेऊ पाहणाऱ्याने मात्र पुडक्यावरचा मजकूर वाचणे बरे: चिकोरी घातलेल्या कॉफीत निम्म्याहून अधिक कॉफी असू शकते, ‘डिकॅफ’ म्हणजे कॅफीन काढलेल्या कॉफीतही थोडे कॅफीन उरते, आणि गवती चहा चहापत्तीबरोबर उकळला तर तो पर्याय राहत नाही.